डायलायझरमधले पॉलिमर: रक्तातले नेमके काय बाहेर जाते आणि काय मागे राहते?

प्रश्न: रसायनशास्त्राची शिक्षिका, सांगली जिल्हा

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मधुमेहामुळे माझ्या आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या चार महिन्यांपासून आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, तिचे डायलिसिस चालू आहे. तिच्याजवळ बसले असताना माझी नजर यंत्राला अडकवलेल्या त्या पारदर्शक नळकांड्यावर, म्हणजे डायलायझरवर, खिळून राहते. एका टोकाने काळपट लाल रक्त आत जाते आणि दुसऱ्या टोकाने ते बाहेर येते, पण दोहोंच्या रंगात डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. नळकांड्यावरच्या चिठ्ठीवर ‘पॉलिसल्फोन’, ‘हाय-फ्लक्स’ आणि ‘१.६ चौरस मीटर’ असे छापलेले आहे.

बारावीच्या वर्गात मी नायलॉन, टेरिलीन, बेकेलाइट शिकवते. पॉलिसल्फोनचे नाव मात्र मी प्रथम तिथेच वाचले. अर्धपार्य पटलातून लहान रेणू जातात आणि मोठे अडतात, एवढे तत्त्व मला समजते. परंतु त्यासाठी सेलोफेनचा साधा कागद पुरत असताना हे महागडे पॉलिमर का वापरावे लागते, हे मला समजून घ्यायचे आहे. ‘हाय-फ्लक्स’ डायलायझर खरोखर अधिक हितकारक असतो की तो केवळ अधिक खर्चाचा असतो, हा माझा दुसरा प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न मला अधिक छळतो. मागच्या महिन्यात डायलिसिसच्या आधी आईचा युरिया १४२ होता आणि नंतर तो ४५ वर आला. म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक युरिया गेला, आणि डॉक्टरांनीही हा निकाल चांगला असल्याचे सांगितले. तरीही तिची अंगाची खाज जात नाही, भूक नीट लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उठवत नाही. रक्त जर ‘स्वच्छ’ झाले असेल, तर हे कशाचे लक्षण समजावे? उपचार बदलण्यासाठी मी हे विचारत नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच आहे. आत काय घडते ते मात्र मला रसायनशास्त्राच्या भाषेत समजून घ्यायचे आहे.

उत्तर: पटल-संशोधनातून निवृत्त, पुणे

ताई, मी नोकरीची बरीच वर्षे पोकळ तंतूंच्या, म्हणजे डायलायझरमध्ये असतात तशा बारीक नळ्यांच्या, पटलांवर काम करण्यात घालवली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो आणि वैद्यकीय भाग डॉक्टरांवर सोपवतो.

सेलोफेनचा साधा कागद पुरतो, हे आपले म्हणणे इतिहासाला धरूनच आहे. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली चर्मपत्री कागदातून पदार्थ वेगळे करून दाखवले आणि या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. त्याच प्रयोगांत त्यांनी मूत्रातला युरियाही कागदाच्या पलीकडे काढून दाखवला होता. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोडियनच्या, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, नळ्यांमधून जिवंत प्राण्याचे रक्त फिरवले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन वापरले. जर्मनीतल्या गीसेन येथे गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये हाच प्रयोग प्रथम माणसावर केला. त्यानंतर महायुद्धाच्या काळात, जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या आवरणासाठी बनणारी सेलोफेनची नळी एका फिरत्या ढोलाभोवती गुंडाळून यंत्र उभे केले. १९४३ पासून त्यांनी उपचार केलेले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, आणि १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर येऊन वाचली. त्या अपयशाच्या दोन वर्षांत हा माणूस थांबला नाही, याचे मला आजही फार मोल वाटते.

आता सेलोफेनची अडचण पाहू. सेलोफेन म्हणजे पुनर्जनित सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, हे आपण वर्गात फळ्यावर काढतच असाल. या गटांमुळेच ते पटल पाण्याला जवळ करते आणि युरियासारखे रेणू त्यातून सहज पार होतात. दुर्दैवाने आपल्या रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या संरक्षक प्रथिनांना अशा हायड्रॉक्सिलयुक्त पृष्ठभागाशी बंध जोडता येतो, आणि मग एखाद्या जंतूवर हल्ला करावा त्याप्रमाणे ती प्रथिने पटलावर हल्ला करतात. क्युप्रोफेन हे तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावणातून बनवलेले सेल्युलोज अनेक वर्षे सर्रास वापरले जात असे. त्याचा वापर सुरू होताच पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या कोसळे, कारण उत्तेजित झालेल्या पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकत. तासाभरात संख्या पूर्ववत होई, पण आठवड्यातून तीन वेळा शरीरात विनाकारण दाह पेटत राही.

रसायनशास्त्रज्ञांनी यावर पहिला उपाय केला तो हायड्रॉक्सिल झाकण्याचा. ॲसिटाइल गट जोडून सेल्युलोज ॲसिटेट आणि पुढे सेल्युलोज ट्रायॲसिटेट बनवले गेले. दुसरा उपाय म्हणजे सेल्युलोज पूर्णपणे बाजूला ठेवून कृत्रिम पॉलिमर घेणे. पॉलिॲक्रिलोनायट्राइल आणि पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट १९७० च्या दशकात या कामी आले, आणि १९८० च्या दशकात पॉलिसल्फोनने बाजी मारली.

पॉलिसल्फोनच्या साखळीत बेंझिनची वलये ऑक्सिजनच्या इथर बंधांनी आणि सल्फोन गटांनी जोडलेली असतात. वलयांमुळे साखळी ताठ राहते आणि पॉलिमर सुमारे १९० अंश सेल्सियसपर्यंत मऊ पडत नाही, त्यामुळे १२१ अंशांच्या वाफेने त्याचे निर्जंतुकीकरण करता येते. परंतु ही वलये पाण्यापासून फटकून राहणारी आहेत, आणि निव्वळ पॉलिसल्फोनवर रक्त आले की काही क्षणांत फायब्रिनोजेन व अल्ब्युमिन ही प्रथिने त्याला चिकटतात. म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, हे पाण्यात विरघळणारे दुसरे पॉलिमर मिसळतात. त्याचा काही भाग धुऊन जाताना छिद्रे मागे ठेवतो आणि उरलेला भाग पृष्ठभागाला जलस्नेही करतो. चिठ्ठीवर नाव फक्त पॉलिसल्फोनचे असले, तरी आईच्या रक्ताशी प्रत्यक्ष संबंध बराचसा या पीव्हीपीचाच येतो.

तंतू बनवण्याची रीत मला अजूनही मोहवते. दोन्ही पॉलिमर डायमिथाइल ॲसिटामाइडसारख्या द्रावकात विरघळवून ते दाट द्रावण वर्तुळाकार फटीतून, सोऱ्यातून शेव पडावी तसे, खाली सोडतात, आणि त्याच वेळी मधल्या सूक्ष्म नळीतून पाणी व द्रावक यांचे मिश्रण सोडतात, म्हणजे तंतू पोकळ राहतो. पाण्याची गाठ पडताच पॉलिमर द्रावणाबाहेर येऊ लागतो. जिथे पॉलिमर साकळतो तिथे भिंत तयार होते आणि जिथे तो विरळ असतो तिथे छिद्र राहते. पाणी फार झपाट्याने शिरले तर भिंतीत बोटांसारख्या लांब पोकळ्या पडतात, सावकाश शिरले तर स्पंजासारखी जाळी बनते. आतल्या बाजूला, रक्ताकडे, एक मायक्रोमीटरहूनही पातळ अशी घट्ट त्वचा येते. गाळणीचे काम खऱ्या अर्थाने तीच त्वचा करते, बाकीची भिंत केवळ आधारासाठी असते. द्रावणाचे तापमान किंवा मधल्या मिश्रणाचे प्रमाण थोडे बदलले तरी छिद्रांचा आकार बदलतो, आणि तंतूंचा एक संपूर्ण घाणा वाया जातो.

‘१.६ चौरस मीटर’ या आकड्याचा हिशोब विद्यार्थ्यांना करायला द्या. तंतूचा आतला व्यास साधारण २०० मायक्रोमीटर, लांबी २५ सेंटिमीटर आणि तंतूंची संख्या १०,००० धरली, तर आतला पृष्ठभाग सुमारे १.५७ चौरस मीटर भरतो. आणि त्या सगळ्या तंतूंत एका वेळी मावणारे रक्त जेमतेम ८० मिलिलिटर असते. कमी रक्तात मोठा पृष्ठभाग साधणे, यातच पोकळ तंतूंचे सगळे मर्म आहे.

उत्तर: मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, नाशिक

मॅडम, सरांनी पटलाची बाजू उत्तम मांडली आहे. मी आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि ते दोन्ही प्रश्न एकच आहेत असे माझे मत आहे.

युरियाचा रेणुभार ६० आहे आणि क्रिएटिनिनचा ११३. हे इतके लहान रेणू आहेत की कोल्फ यांचे सेलोफेनही त्यांना अडवत नव्हते. आईचा युरिया ६८ टक्क्यांनी उतरला आणि आम्ही किमान ६५ टक्क्यांची अपेक्षा ठेवतो, म्हणून डॉक्टरांनी निकाल चांगला म्हटले. पण युरिया स्वतः फारसा विषारी नाही. तो मोजायला सोपा आहे म्हणून आम्ही तो मोजतो, आणि त्यावरून बाकीच्या पदार्थांचा अंदाज बांधतो. हा अंदाज अनेकदा चुकतो.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ११,८०० आहे. जुन्या सेल्युलोज पटलांतून ते मुळीच बाहेर पडत नसे, आणि वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या मनगटांत आणि खांद्यांत त्याचे थर साचत. १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी या थरांतले प्रथिन हेच असल्याचे दाखवून दिले. ‘हाय-फ्लक्स’ पटलाची छिद्रे इतकी मोठी असतात की हे प्रथिन त्यांतून पार होते आणि ६६,५०० रेणुभाराचे अल्ब्युमिन बहुतांशी मागे राहते. या दोन आकड्यांच्या मधली अरुंद पट्टी हेच पटल बनवणाऱ्यांचे सारे रणांगण आहे.

मग रुग्ण अधिक जगतात का? येथे मी अतिशयोक्ती करणार नाही. अमेरिकेतल्या हेमो या मोठ्या अभ्यासात १,८४६ रुग्ण होते. २००२ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत लो-फ्लक्स आणि हाय-फ्लक्स गटांच्या एकूण मृत्युदरात ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. जे रुग्ण आधीच दीर्घकाळ डायलिसिसवर होते त्यांच्यात मात्र फायद्याचा कल दिसला. २००९ मध्ये आलेल्या युरोपीय अभ्यासात ज्यांचे अल्ब्युमिन कमी होते अशा रुग्णांना हाय-फ्लक्सचा लाभ झाला. अलीकडचा महत्त्वाचा अभ्यास २०२३ चा आहे. त्यात युरोपातील १,३६० रुग्णांना एकतर नेहमीचे हाय-फ्लक्स डायलिसिस दिले गेले किंवा हिमोडायफिल्ट्रेशन, म्हणजे ज्यात विसरणाच्या जोडीला दर वेळी २३ लिटर किंवा त्याहून अधिक द्रव दाबाने पटलाबाहेर ओढून तितकाच शुद्ध द्रव रक्तात परत भरला जातो. नेहमीच्या गटात २१.९ टक्के आणि हिमोडायफिल्ट्रेशनच्या गटात १७.३ टक्के रुग्ण दगावले. हा फरक मला खरा आणि दखल घेण्याजोगा वाटतो. मात्र इतका द्रव ओढण्यासाठी फिस्टुलातून, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेल्या हाताच्या रक्तवाहिनीतून, रक्ताचा जोरदार प्रवाह आणि अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते आपल्याकडच्या प्रत्येक केंद्रात उपलब्ध नसते.

आता तिसऱ्या प्रश्नाचा गाभा. इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट हे पदार्थ आतड्यातील जिवाणूंनी ट्रिप्टोफॅन व टायरोसिन या अमिनो आम्लांचे विघटन केल्यावर, पुढे यकृतात तयार होतात. त्यांचे रेणू दोनशेच्या आसपास, म्हणजे अगदी लहान, असतात. आकाराकडे पाहिले तर ते युरियासारखे भराभर निघून जायला हवेत. तसे होत नाही, कारण त्यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिनला धरून राहतो. पटलाला दिसतो तो फक्त सुटा भाग. छिद्रे मोठी करावीत तर अल्ब्युमिनच वाहून जाईल.

निरोगी मूत्रपिंड हे काम कसे करते, हे समजले की डायलायझरची मर्यादा आपोआप लक्षात येते. मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलस नावाच्या केशवाहिन्यांच्या गुच्छांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि डायलायझर नक्कल करतो ती या गाळणीची. परंतु अल्ब्युमिनला चिकटलेली विषद्रव्ये गाळली जात नाहीतच. पुढच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर असलेली वाहक प्रथिने रक्तातला सुटा रेणू उचलून मूत्रात टाकतात, तो कमी झाला की अल्ब्युमिनवरचा आणखी एक रेणू सुटतो, आणि समतोल पुन्हा पुन्हा सरकत राहतो. ल शातेलिए यांचे तत्त्व आपण शिकवता, ते येथे अक्षरशः रात्रंदिवस चालू असते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी आई १२ तास यंत्रावर असते, आणि त्या बारा तासांतही नलिकांचे हे काम करणारे तिथे कोणी नसते. डायलिसिसला मी अर्ध्या मूत्रपिंडाची, तीही अर्धवेळ, नक्कल समजतो, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना हे आधीच सांगायला हवे असे मला कळकळीने वाटते.

खाजेचे खापर मात्र एकाच पदार्थावर फोडता येत नाही. कोरडी त्वचा, वाढलेले फॉस्फरस, पॅराथायरॉइड ग्रंथीची अतिक्रिया, मज्जातंतूंची संवेदनशीलता आणि ही साचलेली विषद्रव्ये या सर्वांचा त्यात वाटा असू शकतो, आणि त्यावर औषधे आहेत. तेव्हा आईची खाज किरकोळ समजून गप्प राहू नका, पुढच्या भेटीत ती स्वतंत्र तक्रार म्हणून सांगा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि डायलिसिसच्या वेळी उतरणारा रक्तदाब अवश्य पाहून घ्या.

उत्तर: डायलिसिस तंत्रज्ञ, सोलापूर

मी बारा वर्षे डायलिसिस विभागात काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांत जे सुटले आहे तेवढेच लिहितो, कारण डायलायझर कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर त्या पॉलिमरचे पुढे काय होते हे आमच्या हातात असते.

आपल्याकडे खर्चामुळे अनेक केंद्रांत एकच डायलायझर त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरला जातो. हे नियम पाळून केले तर ते गैर नाही. प्रत्येक वेळी तंतूंमध्ये किती द्रव मावतो हे मोजायचे असते, आणि तो मूळच्या ८० टक्क्यांहून कमी भरला, म्हणजे पुष्कळ तंतू गुठळ्यांनी बंद झाले, की डायलायझर टाकून द्यायचा असतो. निर्जंतुकीकरणासाठी पेरॲसिटिक आम्ल वापरतात. काही ठिकाणी आधी ब्लीचने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने, धुतात. त्याने तंतू पांढरेशुभ्र दिसतात, परंतु हायपोक्लोराइट सरांनी सांगितलेल्या पीव्हीपीचे विघटन करते, भिंतीतली छिद्रे मोकळी होतात, आणि वारंवार धुतलेल्या पॉलिसल्फोनमधून अल्ब्युमिन गळू लागते. मी पूर्वी जिथे होतो तिथल्या एका विभागात तंतूंची क्षमता मोजण्याची नोंदवही आठवडेच्या आठवडे कोरी असे, आणि डायलायझर ‘स्वच्छ दिसतो’ म्हणून पुन्हा लावला जाई. ताई, आपल्या आईच्या डायलायझरवर तिचे नाव, वापराची संख्या आणि ही मोजणी लिहिलेली आहे का, हे आपण विचारू शकता. तसे विचारणे हा आपला हक्क आहे आणि प्रामाणिक तंत्रज्ञाला त्याचा राग येणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. डायलिसिसचा द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. हे सगळे पाणी तंतूच्या एवढ्याशा भिंतीपलीकडे आईच्या रक्ताला समांतर वाहत असते. नळाच्या पाण्यातले क्लोरामिन आत गेले तर तांबड्या पेशी फुटतात. १९७० च्या दशकात परदेशांत पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे डायलिसिसवरील रुग्णांच्या मेंदूवर आणि हाडांवर घातक परिणाम झाले होते. म्हणून पाणी आधी कार्बनमधून आणि नंतर आरओच्या पटलातून काढतात, आणि आरओचे पटलही पॉलिअमाइड या पॉलिमरचेच असते. अर्थात त्या खोलीत रुग्णाच्या आणि विषाच्या मध्ये एक नव्हे तर दोन पॉलिमर उभे असतात.

आणखी एक सांगावेसे वाटते. १९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी मनगटाची रोहिणी आणि नीला टेफ्लॉनच्या नळीने कायमची जोडली, तेव्हा कुठे एकाच माणसाचे डायलिसिस पुन्हा पुन्हा करणे शक्य झाले. टेफ्लॉनला रक्त सहज चिकटत नाही, एवढ्या एका गुणावर पहिला रुग्ण अकरा वर्षे जगला. आज फिस्टुला शस्त्रक्रियेने रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्या जोडून करतात आणि ती रीत अधिक चांगली आहे. आईच्या फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि जड पिशवी अडकवू देऊ नका.

प्रश्नकर्ती

आपणा तिघांचे मनापासून आभार. डायलायझरवरची चिठ्ठी मी काल नीट वाचली. चौथा वापर आहे आणि मोजणी ९२ टक्के लिहिलेली आहे.

एक नवी शंका आली आहे. फॉस्फरससाठी आईला सेव्हेलामर कार्बोनेटची ८०० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितली आहे. गोळी मोठी असल्यामुळे तिने ती कुटून पाण्यात घातली, आणि पाच मिनिटांत वाटीत साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा फुगून आला. मी पाकिटावरचे घटक पाहिले, तेव्हा हे औषधही पॉलिमर असल्याचे समजले. पॉलिमर पोटात घेऊन त्याचा उपयोग कसा होतो? आणि अल्ब्युमिनला चिकटलेल्या त्या विषद्रव्यांसाठी असे काही करता येणार नाही का?

उत्तर: पटल-संशोधनातून निवृत्त, पुणे

ताई, वाटीतला तो लगदा म्हणजे फार चांगला प्रयोग झाला, पण आईला तो पुन्हा करू देऊ नका. गोळी अख्खी गिळायची असते, कारण ती फुगायची ती पोटात गेल्यावर फुगावी. गिळायला त्रास होत असेल तर हेच औषध पूड स्वरूपातही असते, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

सेव्हेलामर म्हणजे पॉलिॲलिलअमाइनची साखळी एपिक्लोरोहायड्रिनने आडव्या बंधांनी जोडलेली. आडव्या बंधांमुळे ते विरघळत नाही, केवळ पाणी पिऊन फुगते, आणि रेणू अवाढव्य असल्यामुळे आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरत नाही. त्याच्या अमाइन गटांवर आतड्यात धनप्रभार येतो, आणि अन्नातला ऋणप्रभारी फॉस्फेट तिथे बांधला जाऊन शौचावाटे बाहेर पडतो. म्हणून गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर बांधायला फॉस्फेटच नसतो. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले रूप हायड्रोक्लोराइडचे होते. त्यातल्या क्लोराइडमुळे रुग्णांच्या रक्ताची आम्लता वाढे, म्हणून पुढे कार्बोनेट आले. केवळ प्रति-आयन, म्हणजे जोडीचा ऋणप्रभारी आयन, बदलून औषध सुधारल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याला वर्गासाठी दुसरे क्वचितच सापडेल. हे औषध कॅल्शियमच्या गोळ्यांपेक्षा रुग्णांना अधिक जगवते का, हे पाहण्यासाठी २,१०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एकूण मृत्युदरात ठाम फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

पोटॅशियम वाढल्यावर देतात ती पूड याच कुळातली असते. पॉलिस्टायरिनवर सल्फोनिक गट चढवलेले ते राळेसारखे पॉलिमर सोडियम किंवा कॅल्शियम सोडून पोटॅशियम धरते, म्हणजे पाणी मृदू करण्याच्या आयन-विनिमयाचेच ते आतड्यातले रूप आहे. २०१५ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिरोमर हे त्याचे नवे भावंड.

आता आपली शेवटची शंका, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न. पोटातच ही विषद्रव्ये पकडण्याचा प्रयत्न झालेला आहे. त्यासाठी गोलसर कणांच्या सक्रिय कोळशाचे औषध जपानमध्ये १९९१ पासून दिले जाते. ते आतड्यातच इंडॉलला धरते, म्हणजे इंडॉक्सिल सल्फेट बनण्याआधीच. अमेरिका, युरोपात झालेल्या मोठ्या चाचण्यांत मात्र मूत्रपिंडाचा ऱ्हास त्याने मंदावल्याचे सिद्ध झाले नाही.

दुसरी वाट पटलातूनच जाते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात अशी दुपदरी पटले विकसित झाली आहेत की ज्यांत आतला पदर नेहमीच्या पॉलिइथरसल्फोनचा असतो आणि बाहेरच्या पदरात सक्रिय कोळशाचे कण रुतवलेले असतात. रक्त कोळशाला स्पर्श करत नाही. पण पटल ओलांडून आलेला सुटा रेणू लगेच कोळसा धरून ठेवतो, पलीकडची संहती शून्याजवळ राहते आणि अल्ब्युमिन आणखी रेणू सोडत राहते. डॉक्टरांनी सांगितलेले नलिकांचे काम येथे अंशतः घडते. याच प्रश्नाची रक्ताकडची बाजू आपल्या मुंबईत हाताळली गेली. आयआयटीमध्ये जयेश बेल्लारे यांच्या गटाने पॉलिसल्फोनमध्ये व्हिटॅमिन ई टीपीजीएस (व्हिटॅमिन ईला जलस्नेही साखळी जोडलेले संयुग) मिसळून पोकळ तंतू काढले आणि त्यांची रक्ताशी सुसंगती व गाळण्याची क्षमता तपासून २०११ साली ते काम प्रसिद्ध केले. व्हिटॅमिन ई ऑक्सिडीकरण रोखते आणि टीपीजीएसची जलस्नेही शेपटी प्रथिनांना चिकटू देत नाही, असा त्यामागचा विचार आहे. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही सगळे छिद्रांचा आकार मोजण्यात गुंतलो होतो. छिद्र कितीही नेमके केले तरी अल्ब्युमिनला चिकटलेला रेणू त्यातून सुटत नाही, हे मान्य करायला आम्हाला फार उशीर लागला, आणि आता तरुण संशोधकांनी आपली शक्ती शोषणावर आणि पृष्ठभागावर लावावी असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर प्रयोगशाळेतले मिथाइल ऑरेंज पुरेल. सेलोफेनच्या दोन पिशव्या घ्या. एकीत मिथाइल ऑरेंजचे पातळ द्रावण आणि दुसरीत तितकेच मिथाइल ऑरेंज बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनसह (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) भरा, आणि दोन्ही पिशव्या समान आम्लतेच्या पाण्यात बुडवून ठेवा. पहिल्या पिशवीतला रंग बाहेर पसरेल, दुसऱ्या पिशवीत तो बराचसा आतच राहील. नंतर दुसऱ्या पिशवीबाहेरच्या पाण्यात सक्रिय कोळशाची चिमूट टाकून ते रात्रभर हलते ठेवा, आणि आतला रंग हळूहळू किती उतरतो ते सकाळी पाहा. अंड्याच्या पांढऱ्या भागातले अल्ब्युमिन यासाठी घेऊ नका, ते हा रंग फारसा धरत नाही. बोव्हाइन अल्ब्युमिनची पूड रसायनांच्या पुरवठादाराकडे मिळते आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते.